फुलसिंगच्या रेतगाडीचा खांदा

फुलसिंगशी माझी ओळख भांडणातून झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच झाल्यात.

नंदुरबार स्टेशनाच्या मालधक्क्यावर तेव्हा मी हमालांची बाजू घेऊन ओरडत असे. शाळा चौथीपर्यंत. बाकीचं शिक्षण वखारीत, चौकीत आणि भजी बांधून आलेल्या वर्तमानपत्रांत. एक दिवस सागाचे ओंडके भरलेला ट्रक आला आणि नेमका हमालांच्या वाटेत बंद पडला. मी ठेकेदारापासून सरकारपर्यंत सगळ्यांचा उद्धार करून घेतला. ट्रकखालून दोन पाय बाहेर आले होते. शेवटी त्या पायांनाच म्हणालो, "ए, तुझ्या बापाचा रस्ता आहे काय?"

खालून आवाज आला, "भाऊ, तो बारका पाना दे, आन मंग बोल काय बोलाना शे ते."

भर भाषणात मला कुणी काम सांगत नाही. सवय नसल्यामुळे हात आपोआप पुढे झाला.

पाय सरकले, मागून माणूस निघाला. वाळका, कानात चांदीची बाळी, अंगावर काळं तेल. "क्लच गया," तो म्हणाला. "डायवर त्यावर पाय ठेईसन बठस, जसं काय खाटलं शे."

क्लच म्हणजे काय ते त्यानं मला तिथंच, दोन तळहात एकमेकांवर दाबून शिकवलं. एक हात म्हणजे इंजिन, दुसरा म्हणजे चाकं. दाबले की दोन्ही मिळून फिरतात, सोडले की सुटे. "आन हात ओला ऱ्हायना?" मी विचारलं. तो हसला. "मंग एक फिरस आन दुसरा देखस."

फुलसिंग वाहरू. गाव धडगावच्याही वर, आत डोंगरात. घरी भिली, आमच्याशी अहिराणी, आणि मराठी फक्त पोलिसांशी. ठेकेदाराच्या ट्रकवर तो क्लीनर म्हणून लागला तेव्हा त्याचं काम एकच होतं. घाटात ट्रक चढायला लागला की हातात लाकडी ठोकळा घेऊन मागच्या चाकामागे पळायचं. ट्रक दमला, थांबला, मागे सरकायला लागला की ठोकळा चाकाखाली सारायचा. ठोकळा चुकला तर ट्रक दरीत, आणि ठोकळ्यासोबत हात राहिला तर हात ट्रकखाली. असं वर्षानुवर्षं पळता पळता तो पानेही चालवायला शिकला. ड्रायव्हर दारू पिऊन झोपे आणि हा खालून ट्रक जिता करी.

ह्यावरून तो गरीब, अबोल, खालमानेचा होता असं कुणाला वाटेल. छे! फुशारकीत त्याचा हात कुणी धरला नसता. "नंदुरबारथून सुरतपावत मन्हासारखा मिस्तरी नही," हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतकं ऐकलंय की एकदा मी त्याला विचारलं, सुरतेच्या पुढे कोण आहे? म्हणाला, "पुढे गयाच नही, म्हनीसन सांगत नही."

ते क्लचचं खापर ड्रायव्हरनं याच्याच डोक्यावर फोडलं. ठेकेदाराच्या माणसानं सगळ्यांदेखत याच्या कानशिलात दिली. मी धक्क्यावरून धावत येईपर्यंत फुलसिंगनं हातातली टॉमी, ती लोखंडी पहार, खाली ठेवली होती आणि तो तापीच्या दिशेनं चालू लागला होता. मागे वळून त्यानं पाहिलंही नाही. मला मात्र त्या दिवशी चौकीत बसावं लागलं, कारण मी टॉमी उचलली होती.

तापीकाठी त्याची बायको रेवाबाई होती. तिच्या माहेरची माणसं प्रकाशा गावाच्या अलीकडे, जिथं गोमाई तापीला मिळते त्या बाजूच्या रेतीत टरबुजाच्या वाड्या लावत. पाणी ओसरलं की नदीच्या पात्रात खड्डे करायचे, खत घालायचं, बी लावायचं, आणि वेलाशेजारी बोरूची झोपडी घालून उन्हाळाभर राहायचं. टरबूज असं पिके की दगडासारखं जड. पण ते रेतीतून काठावर न्यायचं कसं? बैलगाडी आसापर्यंत रुते. बैल गुडघ्यावर बसत. सगळ्या परिसरात फक्त पितांबर शेठच्या बैलजोड्या तेवढी रेती ओढत. म्हणून पितांबर शेठ नदीत उतरे, नदीतच माल घेई, आणि नदीतला भाव तोच ठरवी. काठावर चढलं की त्याच टरबुजाला दुसरा भाव.

पितांबर शेठ कधी शिवी देत नसे. तो हसत असे. शिवी देणाऱ्याशी मला भांडता येतं. हसणाऱ्याचं काय करायचं?

काठावरच्या गावात चुनीलालभाई गुजर होते. केळी, कापूस, ऊस, मोठा गोठा. दुसरं महायुद्ध संपल्यावर देवळालीच्या लष्करी भंगारात त्यांनी एक मोडकी जीप घेतली होती, तीही फक्त इंजिनासाठी. इंजिन विहिरीवर बसवलं, पट्टा लावला, केळीला पाणी दिलं. पुढे त्यांनी नवं तेलाचं इंजिन आणलं आणि जुनं गोठ्यात जीपच्या सांगाड्याशेजारी पडून राहिलं. त्यावर कोंबड्या बसत.

अठ्ठावन्न सालची गोष्ट. आमचा भाग तेव्हा पश्चिम खानदेशात. फुलसिंग गोठ्यासमोर उभा राहून म्हणाला, "चुनीभाई, हाई मढं माले दे."

"काय करशी?"

"रेतीमा चालाडसू."

चुनीभाई हसले. "रेतीमा मन्हा बैल बठी जास, तुन्हं लोखंड काय चालई?"

"तुन्हा बैलले दोन खांदा. हिले मी एकच देसू, पन असा देसू..."

त्याला शोधत आलेला मीही तिथं होतो आणि अर्थातच मध्ये बोललो. रेतीतल्या माणसांची गाडी झाली तर पितांबरचा नदीभाव मोडेल, एवढं माझ्या डोक्यात लख्ख होतं. चुनीभाई माणूस वाईट नव्हता, पण फुकट देणारा नव्हता. बरंच ओढून-ताणून त्यांनी शब्द दिला. फुलसिंगनं गाडी उभी करायची, भरलेल्या टरबुजांसकट रेतीतून काठावर आणायची. आणली तर गाडी फुलसिंगची, चुनीभाईचा तिच्यावर हक्क नाही.

"पन ध्यानमा ठेव," चुनीभाई म्हणाले, "एकदाव जरी हिले बैल जुपाना पडा, तर इंजिन मन्हं, लोखंड मन्हं. आन तू जाय परत ट्रकमांगे ठोकळा लीसन."

टाळी दिली गेली. कागद नाही, साक्षीदार सगळं गाव.

पावसाळा आणि हिवाळा त्यात गेला. फुलसिंगनं सांगाडा कापून आखूड केला, अंगावरचं सगळं लोखंड उतरवलं, मागच्या चाकांना बाहेरून आणखी एकेक चाक जोडलं म्हणजे ती रेतीवर बसतील, रुतणार नाहीत. बसायला कापसाची गोणी. छप्पर नाही, दार नाही, पुढचे दिवे काढून ठेवलेले. गावातली पोरं तिला टोळ म्हणत.

दोन गोष्टी त्यानं कच्च्या ठेवल्या. गिअरचा मूळ दांडा तुटलेला होता, म्हणून लोहाराकडून जुन्या नांगराची सळई तापवून दांडा केला. त्याचं खालचं टोक आत गिअरच्या डब्यातल्या दोन चिमट्यांच्या खाचेत बसायला हवं. ते जरा बारीक झालं. घाईत ओढलं की एका खाचेतून निसटून मध्येच लोंबे. मी म्हणालो, पुन्हा कर. म्हणाला, "भागस." दुसरी गोष्ट, क्लचच्या घरावरचं झाकण. ते हरवलं होतं. वरून भोक उघडं. त्यावर त्यानं गोणपाटाचा तुकडा बांधला. तेही भागलं.

आता जमनाबाई. चुनीभाईची आई, ऐंशीच्या घरातली, गोठ्याची खरी मालकीण. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात. वर्षभर जू घासून ती जागा कडक झालेली असते. जमनाबाई तेवढ्यावर थांबत नसे. नवा गोऱ्हा पहिल्यांदा जुवाखाली जाणार असला की आदल्या संध्याकाळी ती स्वतः त्याचा खांदा मळे. तिच्या गोठ्यातला एकही बैल न मळता जुंपला गेला नव्हता.

चैत्रात पहिली वाडी तोडायला आली. गाडी दुसऱ्या दिवशी रेतीत उतरायची होती. संध्याकाळी फुलसिंग बोल्ट आवळत होता आणि मी त्याला भाषण देत होतो, तेव्हा म्हातारी काठी टेकत आली.

"फुलसिंग, सकाय हाई पहिलींदाव वझं वढई ना?"

"हां, मोठी माय."

"मंग हिन्हा खांदा कोठे शे?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, गाडीला कसला खांदा. पण हा फुलसिंग. त्यानं गोणपाट उचललं, पान्यानं त्या भोकात दाखवलं. "हाऊ देख. इंजिनना सगळा जोर अठूनच चाकवर जास. हाऊच हिन्हा खांदा. असा खांदा तुन्हा एक बी बैलले नही!"

म्हातारीनं वाकून नीट पाहिलं. "बरं," म्हणाली आणि गेली. आम्हीही गेलो.

दुसऱ्या दिवशी काठावर जत्रा. चुनीभाई आले, जमनाबाईला खाट टाकून बसवलं. पितांबर शेठ आपली सगळ्यात तगडी जोडी घेऊन हजर. बैलांच्या गळ्यात घुंगरं, दोर तयार.

"तुला कुणी बोलावलं?" मी विचारलं.

"वेळप्रसंगी उपयोगी पडावं म्हणून आलो," तो हसत म्हणाला. "शेजारधर्म."

गाडी काठाचा उतार उतरली, गोमाईची धार ओलांडली. धार तेव्हा घोटाभर होती. रेतीवरून गाडी अशी धावली की पोरं मागे पळून दमली. वाडीत रेवाबाई आणि तिच्या भावांनी टरबुजं रचली. रेवाबाई जाड अंगाची, कमी बोलणारी बाई. नवऱ्याचं ती ऐके, पण त्याच्या फुशारकीचं एक अक्षर नाही. शेवटचं टरबूज ठेवून तिनं विचारलं, "चाली ना?"

"चाली? उडी!"

निघालो. मी त्याच्या शेजारी गोणीवर. अर्धी रेती छान कापली. मग इंजिनाचा आवाज चढला, पण गाडीचा वेग नाही. आणखी चढला. गाडी आणखी हळू. आणि वास आला.

जळक्या क्लचचा वास मी मालधक्क्यावर पुष्कळ घेतला होता, घशात बसतो. हा तो नव्हता. हा स्वयंपाकघरातला होता. मागून चालणारा रेवाबाईचा भाऊ ओरडला, "कोना घर लगीन शे? तूप कढी ऱ्हायनं!"

माणसं हसली. फुलसिंग हसला नाही. गाडी कशीबशी धारेपर्यंत आली, पुढची चाकं पलीकडच्या काठाला लागली, मागची पाण्यात, आणि तिथं ती थांबली. इंजिन बोंबलतंय, चाकं उभी. पुढे फक्त काठाचा चढ उरला होता. वर पितांबरचे बैल कान हलवत होते.

फुलसिंगचं डोकं सरकलं. त्यानं रागानं दांडा खेचला, पुढे, मागे, परत पुढे. आत खटकन आवाज झाला आणि दांडा हातात मेल्या सापासारखा लोंबायला लागला. इंजिन गचका खाऊन बंद.

"काय व्हयनं?" मी म्हणालो.

"दोन गिअर एकदम बठी गयात." पहिल्यांदाच त्याचा आवाज बारीक ऐकला मी.

तेवढ्यात रेवाबाईनं धारेत हात घातला. पाण्यावर पिवळट, गोल काहीतरी तरंगत येत होतं. तिनं ओंजळीत घेऊन नवऱ्यासमोर धरलं. मोहाची फुलं होती. काठाला एकही मोह नाही. मोह डोंगरात. ही एवढी फुलं एकदम धुऊन आली म्हणजे वर सातपुड्यात वळीव कोसळला होता, आणि त्या पाण्यापुढे फुलं आधी पोहोचली होती. उत्तरेकडे पाहिलं तर डोंगराची रेघच दिसेना, सगळं निळंकाळं.

फुलसिंगनं फुलं पाहिली आणि गाडीकडे पाहिलं. गोमाई डोंगरातून उतरते तेव्हा विचारत नाही. पाणी त्या उघड्या भोकाशी पोहोचलं की क्लच, गिअर, सगळं गाळानं भरणार. त्याहून वर चढलं की गाडीच तापीत.

मी वर पाहून ओरडलो, "शेठ! बैल उतरव!"

"नको!" फुलसिंग माझ्यावर खेकसला.

"अरे गाडी जाईल! लोखंड गेलं तर टाळी काय चाटायची? माझं ऐक, बैल..."

"भाऊ, तुन्हं भाषण नंतर. बैल जुपात तरी हालाव नही. दोन गिअर बठेल शेत, चाकं बांधाई गयात. हत्ती लई उनास तरी हालाव नही. ते पयले सोडनं पडई."

मी पाना पुढे केला.

त्यानं गिअरच्या डब्यावरच्या झाकणाचे चार बोल्ट फिरवायला घेतले. हात घामानं निसटत होते. पाणी लाल झालं होतं, पोटरीला लागत होतं. झाकण उचललं, दांडा बाजूला टाकला. आत तेलात दोन चिमटे, एक पुढे गेलेला, एक मागे. दोन्ही मध्यावर आले पाहिजेत. त्यानं टॉमीचं टोक घालून एक हळू ढकलला. जाईना. "गाडी हालाडा!" त्यानं माणसांना सांगितलं. आम्ही सगळ्यांनी तिला पुढेमागे डोलवलं, तसा आतला ताण सुटला आणि पहिला चिमटा टक करून जागेवर आला. मग दुसरा. दांडा परत खाचेत बसवताना त्याच्या कोपरानं एक बोल्ट उडाला आणि पाण्यात गेला. तो शोधायला कुणी वाकलं नाही.

"झाकनवर बठ," तो मला म्हणाला.

"काय?"

"बोल्ट लावाले येळ नही. दोन्ही हाते दाबी धर. उडनं तर दांडा परत निसटई."

चाकं आता सुटी होती. म्हणजे आता बैल जुंपले तर गाडी निघाली असती. हे मला कळलं, पितांबरला वरून कळलं, आणि तो दोर घेऊन चार पावलं खाली आला. "फुलसिंग, हट्ट सोड. जीव आहे तर सगळं आहे. चुनीभाई काही तुला उपाशी ठेवणार नाहीत."

चुनीभाई काठावर उभे होते. ते दोराकडे बघत होते.

फुलसिंगनं गोणपाट ओढून काढलं आणि भोकात हात घातला. हात बाहेर आला तो पिवळा. हळदीचा पिवळा. त्यानं बोट नाकाशी नेलं, मग चक्क जिभेला लावलं. मग मान वळवून काठावरच्या खाटेकडे पाहिलं. म्हातारी तिथं हात जोडून बसली होती, गाडीसाठी देवाला काही मागत असावी. त्याचा चेहरा कसा झाला ते मी कुणाला सांगितलं तरी खरं वाटणार नाही.

"तूप," एवढंच म्हणाला. "रेवा, दिवामातलं राकेल. आन चुल्हानी राख. थंडी राख. इस्तू नको."

"बैल..." रेवाबाईनं सुरुवात केली.

"तू सांग. तुन्हा माल शे. बैल म्हन, मी दोर बांधस."

तिनं एकदा पितांबरकडे पाहिलं. मग लुगड्याचा काष्टा वर खोवला आणि गुडघाभर धारेतून मागे, झोपडीकडे पळाली.

ती परत येईपर्यंत पाणी मागच्या चाकांच्या आसाला लागलं. डोक्यावर सुपात राख, हातात कंदील. फुलसिंगनं कंदिलाची टाकी उलटी केली, राकेल क्लचवर ओतलं, हँडलनं इंजिन नुसतं फिरवलं. खालून पिवळं पाणी गळालं. परत ओतलं, परत फिरवलं. "पेटनं तर?" मी विचारलं. दोन्ही हात झाकणावर, पळायची सोय नाही. "तर तुले भाषणनी गरज ऱ्हावाव नही," तो म्हणाला. एवढ्या घाईत!

मग राख, उरलेलं तूप शोषायला. तो मुठीमुठीनं बोटांतून गाळत होता, कारण सुपात तळाशी एक निखारा अजून लाल होता. तो त्यानं चिमटीत धरून पाण्यात फेकला, चर्र झालं. उरलेली राख भोकात झोकली, चुलीवरची म्हातारी तव्यावर पीठ टाकते तशी, हात फिरवत. इंजिन चालू केलं. राखेचा लोट उठला आणि आम्ही दोघं भुतासारखे झालो.

त्यानं क्लचवर पाय ठेवला, दांडा पहिल्यात टाकला. माझ्या हाताखाली झाकण थरथरलं. पाय सोडला.

गाडीनं उडी घेतली. अशी की दोन टरबुजं मागे पाण्यात पडली. तूप आणि राख मिळून क्लच धरत होता, सोडत होता, परत धरत होता. दात वाजत होते. मागची चाकं धारेतून निघाली. चढाला लागलो. अर्ध्या चढावर वेग मेला, इंजिन धापा टाकायला लागलं, आणि गाडी मागे सरकली.

"रेवा!"

रेवाबाई मागेच होती. फुलसिंगनं घाटातला आपला जुना ठोकळा गाडीत टाकून ठेवला होता, सवयीनं. तो तिच्या हातात होता. ती वाकली, चाकामागे सारला, हात काढला. गाडी ठोकळ्यावर टेकली. फुलसिंगनं क्लच दाबला, इंजिन भरू दिलं, सोडला. गाडी चार हात वर. थांबली. ठोकळा. परत. आयुष्यभर तो ज्या चाकामागे पळाला त्याच जागी आता त्याची बायको पळत होती, आणि तो मागे न बघता तिच्या हातावर विश्वास टाकून पाय उचलत होता. खाली गोमाई आता नदीसारखी वाजत होती.

पितांबरचे बैल वाटेतच उभे होते. त्यांना बाजूला करावं लागलं.

चढ संपला. गाडी काठावर, निंबाखाली जाऊन उभी राहिली. लोक ओरडले. मी झाकणावरून हात उचलले, तर तळव्यावर बोल्टच्या भोकांचे छाप.

फुलसिंग उतरला आणि सरळ खाटेकडे गेला. "मोठी माय! क्लचमा तूप टाकतस? सगळं बुडी जातं! मन्ही बायको बुडी जाती! काय अक्कल..."

"आवाज खाली," चुनीभाई मध्ये आले. "मन्ही माय शे ती."

भिल्ल माणूस गुजराच्या आईवर ओरडला होता, साऱ्या गावासमोर. पितांबर शेठनं हळूच आगीत तूप ओतलं. "बरोबर आहे, चुनीभाई. अजून लोखंड तुमचं, तोवरच ही भाषा. उद्या काय होईल?"

चुनीभाईचा चेहरा लाल झाला. "इंजिन उतार," ते म्हणाले. "आत्ते उतार."

मी बाह्या सरसावल्या. काय बोलणार होतो ते सगळं ओठावर होतं, टाळी, शब्द, इमान, जात, सगळं. रेवाबाईनं मला कोपर मारलं. इतकं जोरात की मी खोकलो.

जमनाबाई उठली. काठी टेकत फुलसिंगसमोर आली. "मी काल तुले इचारं. खांदा कोठे शे? कोनी दखाडा?"

त्यानं पिवळा हात अंगाला पुसला.

"कोनी दखाडा?"

सुरतेपर्यंत ज्याच्यासारखा मिस्त्री नव्हता, तो माणूस राखेनं माखलेला उभा होता. माणसं बघत होती. पितांबर बघत होता. मला वाटलं आता हा काहीतरी बोलेल आणि सगळं घालवेल.

"मी," फुलसिंग म्हणाला. "मीच दखाडा. मन्हंच तोंड."

"मंग मनावर कसाले ओरडस?"

"चुकनं, मोठी माय."

म्हातारी मुलाकडे वळली. "बैल जुपात का?"

"नही," चुनीभाई म्हणाले.

"माल काठवर उना का?"

चुनीभाईंनी गाडीकडे पाहिलं, धापा टाकणाऱ्या रेवाबाईकडे पाहिलं. राग उतरायला त्यांना वेळ लागला, आणि तो पूर्ण उतरला असंही मी म्हणणार नाही. "लई जाय," ते म्हणाले. "तुन्ही शे." आणि घराकडे चालू लागले.

पितांबर शेठ नंतरही नदीत उतरे, पण भाव विचारून. हसणं त्याचं तेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी फुलसिंगनं क्लच उघडला, प्लेट राकेलनं धुऊन उन्हात वाळवली, दांड्याचं टोक लोहाराकडून जाड करून आणलं, आणि भोकावर पत्र्याचं झाकण बसवलं, चार बोल्टचं. मग तो चुनीभाईच्या गोठ्यात गेला आणि मोडलेल्या जुवाचा एक तुकडा मागून आणला. तो त्यानं गाडीच्या नाकावर, अगदी पुढे, दोन पट्ट्यांनी आवळला. जमनाबाईला बोलावलं.

"मोठी माय, हाऊ हिन्हा खांदा. अठे मळ. दुसरीकडे कोठे बी नही."

तिनं लाकूड चाचपून पाहिलं. "परवा तू तिकडे दखाडा."

"परवा मी खोटा बोलनू."

"आज?"

"आज बी थोडा," तो म्हणाला, आणि म्हातारी हसली.

ती गाडी बासष्ट-त्रेसष्टपर्यंत रेतीत चालली. जमनाबाई गेल्यावर पोळ्याच्या आदल्या दिवशी रेवाबाई तो तुकडा मळत असे. दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला चालत नसे. पुढे इंजिन संपलं, सांगाडा विकला गेला. जुवाचा तुकडा फुलसिंगनं काढून घेतला. आता तो त्याच्या झोपडीच्या दाराला टांगलेला आहे, तुपानं काळा पडलेला, उन्हाळ्यात मुंग्या लागतात त्याला. नवा ड्रायव्हर कुणी गाडी दाखवायला आला की फुलसिंग अजून तोंड उघडतो, नंदुरबारपासून सुरतेपर्यंत. रेवाबाई नुसती त्या लाकडाकडे बघते, आणि तो सुरतेच्या अलीकडेच थांबतो.